दीड एकरासाठी पॉवर वीडर घ्यावा का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिक-दिंडोरीकडच्या ढकांब्याजवळ दीड एकर वावर, मध्यम काळी जमीन, विहिरीचं पाणी. वीस गुंठे टोमॅटो आणि भाजीपाला, वीस गुंठे मका नाहीतर सोयाबीन, उरलेल्यात आंबा-पेरूची नवी लागवड. दोघांचीही नोकरी, त्यामुळे शेतावर जाणं शनिवार-रविवारीच. निंदणीला बाया मिळत नाहीत. दुकानदार म्हणतो, सात हॉर्सपॉवरचा पॉवर वीडर घ्या, नांगरट, निंदणी, सरी सगळं तोच करतो. दीर म्हणतात, त्यापेक्षा जुना पॉवर टिलर घ्या. आणि शेवटी इंदिरानगरच्या बंगल्यामागच्या बागेसाठी काय घ्यावं, हेही विचारलंय.

औजारं जोडणं, दुरुस्त करणं आणि स्वतःच्या वावरात चालवणं ही तिन्ही कामं मी करतो, त्यामुळे विकणाऱ्याची बाजूही ठाऊक आहे आणि मोडल्यावर घेऊन येणाऱ्याचीही. माझ्या मते दीड एकराला नांगरटीचं यंत्र विकत घेऊ नये, भाड्याने आणावं. पैसे घालायचे ते तण मारायच्या औजारात. नांगरट वर्षातून एकदा येते, तण दर आठवड्याला येतं.

दुकानदाराचं म्हणणं आधी बघू. पॉवर वीडरची चाकं काढतात आणि त्याच दांड्यावर पाती बसवतात, म्हणजे मशीन पात्यांवरच चालतं. मागे एक लोखंडी खुंट असतो. तो जमिनीत रुतवून ठेवला की मशीन पुढे पळत नाही आणि पाती तेवढी खाली जातात. भुसभुशीत जमिनीत हे झकास चालतं. पण एप्रिलमधली कडक काळी जमीन असली की पाती वरच्या वर नाचतात, मशीन उड्या मारत पुढे जातं आणि चालवणारा त्याच्या मागे फरफटतो. संध्याकाळी खांदे भरून येतात आणि जमीन उकरलेली असते जेमतेम तीन इंच. ही नांगरट नव्हे. मोकळ्या केलेल्या जमिनीत दोन ओळींमधलं तण मारणं आणि माती भुसभुशीत ठेवणं, हे त्याचं खरं काम, आणि ते तो उत्तम करतो.

दिरांचा पॉवर टिलर वेगळ्या जातीचा. दहा-पंधरा हॉर्सपॉवर, स्वतःची चाकं, रोटर (फिरती पाती) मागे, वजन तीन-चार माणसांनाही उचलणार नाही असं. इगतपुरी-त्र्यंबककडे भाताची चिखलणी करायची असेल तर त्याला तोड नाही. पण बांधाच्या कडेला तो वळवायला अंगात चांगलाच जोर लागतो आणि रोजची सवय लागते. आठवड्यातून एकदा येणाऱ्याने हे जनावर पाळू नये. जुना तर नकोच: क्लच, बेअरिंग आणि रोटरची साखळी यावर पहिल्याच वर्षी किती खर्च होईल ते बाहेरून बघून कळत नाही.

भाड्याच्या बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव हा सगळा द्राक्षाचा पट्टा. आठ-नऊ फुटांच्या ओळीतून जाणारे अरुंद मिनी ट्रॅक्टर गावोगाव आहेत. बागवाल्याशी आधी बोलून ठेवा. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर त्यांचे ट्रॅक्टर फवारणीत अडकलेले असतात, तेव्हा ऐनवेळी फोन केला तर कोणी येणार नाही. तुमची मोठी कामं उन्हाळ्यात उरकली की हा प्रश्नच येत नाही.

आता उन्हाळ्यात नक्की करायचं काय? रब्बी निघाली की मार्च-एप्रिलमध्ये पल्टी नांगराने नांगरट करून घ्या आणि ढेकळं तशीच पडू द्या. लगेच त्यावर रोटा (रोटाव्हेटर) मारायचा मोह आवरा. ट्रॅक्टरवाला म्हणेल, ‘ताई, आलोच आहे तर मारून देतो, वावर कसं गुळगुळीत दिसेल.’ दिसायला छान दिसतं, पण काळ्या जमिनीला त्याची गरज नाही. ती फुगते, आकसते, भेगाळते. महिना-दीड महिना उन्हात तापलेलं ढेकूळ वळवाचा एक चांगला पाऊस पडला की आपोआप फुटतं. मग वाफशावर, म्हणजे माती ना चिकट ओली ना कडक कोरडी असताना, कुळवाची एखादी पाळी दिली की पेरणीजोगं रान तयार. जे काम पाऊस फुकट करतो त्याला डिझेल कशाला जाळायचं?

रोट्याचा दुसरा तोटा वरून दिसत नाही. त्याची पाती दरवर्षी त्याच चार-पाच इंचांवर फिरतात आणि खालची माती दाबत, लिंपत जातात. काही वर्षांत तिथे कडक थर तयार होतो. वर पाणी तुंबतं, मुळ्या आडव्या पसरतात, टोमॅटो दुपारी माना टाकतो आणि आपण खतवाल्याकडे जातो. तुमच्या वावरात असा थर आहे का हे बघायला काहीही खर्च नाही. आठ एमएमची हात-दीड हात सळई घ्या, टोक घासून घ्या. चांगला पाऊस होऊन दोन दिवस गेले की वावरात दहा-बारा ठिकाणी सरळ खाली दाबा. एखाद्याच ठिकाणी अडली तर तो दगड. सगळीकडे पाच-सहा इंचांवर अडली, आणि जोर लावल्यावर एकदम सुटून खाली गेली, तर तो थर. तसं आढळलं तर एप्रिल-मे महिन्यात, जमीन पार कोरडी असताना, मोठ्या ट्रॅक्टरने सबसॉयलर (खोलवरचा थर फोडणारा दाता) आडवा-उभा चालवून घ्या. कोरड्यातच का, तर कोरडा थर तडकून फुटतो. ओल्या जमिनीत सबसॉयलर नुसती चीर पाडतो आणि ती पुन्हा मिटते. आणि त्याआधी विहिरीपासूनची पाइपलाइन कुठून गेलीये तिथे खुंट्या ठोकून ठेवा. हा सल्ला क्षुल्लक वाटेल, पण सबसॉयलरखाली फुटलेल्या पाइपलाइनी दर उन्हाळ्यात बघायला मिळतात.

लोखंडाच्या बाबतीत आपली माणसं दोन टोकांना जातात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 मध्ये लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. आता जितकं जास्त लोखंड आणि जितके जास्त हॉर्सपॉवर तितकी शेती चांगली, असं झालंय.

कुठलंही औजार चालेल की नाही हे वाफसा ठरवतो. तुमच्यासारख्या शनिवार-रविवारच्या शेतकऱ्याला तर हे नीट कळायलाच हवं, कारण पाऊस तुमची सुट्टी बघून पडत नाही. वरची माती वाळलेली दिसते म्हणून फसू नका. खुरप्याने चार इंच खालची माती काढा, मुठीत दाबून लाडू करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला तर चला. थप्पकन बसून चपटा झाला तर घरी जा. आणखी खात्री हवी असेल तर दोन तळव्यांत ती माती वळून बघा, पेन्सिलीसारखी सुरळी होत असेल तर अजून एक-दोन दिवस हवेत. सिन्नरकडच्या हलक्या मुरमाड जमिनीत पावसानंतर दुसऱ्या दिवशी औत घालता येतं, तुमच्याकडे चांगलं ऊन पडूनही दोन-तीन दिवस लागतात. आणि मग तीच जमीन चार दिवसांत वाळून दगड होते. म्हणजे काळ्या जमिनीत कामाचे दिवस मोजकेच. ओल्यात मशीन घातलं तर पात्यांना चिखलाचे गोळे लागतात, माती चोपली जाते आणि वाळल्यावर तिची विटकर होते. अशा शनिवारी मशीन शेडमध्येच राहू द्या आणि विळ्याने बांधावरचं गवत काढा.

आता सायकल कोळपं. माझ्या लेखी तुमची पहिली खरेदी हीच. पुढे एक चाक, त्यामागे पातं, आणि दोन मुठींचा दांडा. पॉवर वीडरच्या किमतीत अशी दहा येतील. त्याला सरळ पास (कुळवासारखं आडवं पातं), व्ही आकाराचं पातं, तीन दाते आणि सरी पाडायला छोटा रिजर अशी जोडणी मिळते. पहिल्या वर्षी सरळ पास आणि तीन दाते पुरेत. सासऱ्यांच्या वेळचा कुळव शेडमध्ये पडलाय असं तुम्ही लिहिलंय; तो भंगारात घालू नका. त्याची जुनी पास लोहाराकडून कापून, पाजवून घेतली तर कोळप्याला छान पातं होतं. बाजारात पातळ पत्र्याची पाती मिळतात, त्यापेक्षा ते कितीतरी टिकेल.

पात्याची रुंदी ओळीवरून ठरवा: दोन ओळींतल्या अंतरातून चार इंच वजा करा, उरेल ते पातं. नऊ-दहा इंचांच्या ओळीत मेथी-कोथिंबीर असेल तर पाच-सहा इंची. सोयाबीन 45 सेंटिमीटरवर असेल तर हिशेबाने चौदा इंच येतात, पण एवढं रुंद पातं ढकलायला जड, म्हणून नऊ इंची घ्या आणि ओळीतून एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून जा. म्हणजे पेरणीच्या वेळी दोरी लावून ओळ सरळ ठेवली तरच कोळपं चालतं. ओळ साप गेल्यासारखी असली की पातं पिकाच्या मुळात घुसतं. उद्या कांदा लावलात तर मात्र तिथे कोळप्याचा उपयोग नाही. 15 बाय 10 सेंटिमीटरच्या लागवडीत, वरवर मुळं असलेल्या पिकात, खुरप्याला पर्याय नाही.

मुठी बेंबीच्या उंचीवर येतील असे बोल्ट लावा. तुमची आणि तुमच्या मिस्टरांची उंची वेगळी असेल तर दर वेळी भोकं बदला, आळस करू नका, कंबर त्यातच जाते. पात्याची पुढची धार जमिनीला लागलेली आणि मागची कड किंचित वर, असा कोन हवा. पातं खाली घुसून अडकत असेल तर कोन कमी करा, वरून घसरत असेल तर वाढवा. ढकलताना सलग रेटत जाऊ नका. हात-दीड हात पुढे, वीतभर मागे, पुन्हा पुढे. मागे घेताना पात्यावर अडकलेलं तण सुटतं. बरोबर जमलं की पात्यामागे मातीचा पातळ थर उचलून पुन्हा खाली पडताना दिसतो आणि कापलेलं तण त्यावर उताणं पडतं. आवाजही वेगळा येतो, मऊ, खरखरीत. खणखण वाजायला लागलं तर पातं बोथट झालंय किंवा माती वाळलीये. खिशात कानस ठेवा आणि पाणी प्यायला थांबलात की चार हात मारा.

सगळ्यात महत्त्वाची वेळ. तण दोन पानांवर असताना, मूळ पांढऱ्या धाग्याएवढं असताना कोळपं चालवायचं. पावसानंतर आठ-दहा दिवसांत ते तसं असतं. त्या वयात नुसतं हललं तरी मरतं, आणि तुमची आठवड्याची फेरी त्याला बरोबर जुळते. एक खाडा झाला आणि तण वीतभर झालं की कोळपं निकामी. तण वाकतं, पातं वरून जातं, आणि लोक म्हणतात हे खेळणं आहे. ऊन असलेल्या दिवशी सकाळीच सुरू करा म्हणजे कापलेलं दुपारपर्यंत सुकतं. ढगाळ हवेत घोळासारखं तण पडल्या जागी पुन्हा मूळ धरतं, ते उचलून बांधावर टाका. सवय झाली की एका माणसाने दिवसाला दहा-पंधरा गुंठे सहज होतात. आणि तण नसलं तरी पावसाने उघडीप दिली की एक पाळी द्या. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं आपल्याकडे म्हणतात, ते भेगा बुजतात म्हणून. काळ्या जमिनीत ओल भेगांतून जाते.

एका तणाला मात्र हे सगळं लागू नाही: लव्हाळा. आणि थोडीफार हराळी. लव्हाळ्याच्या खाली गाठी असतात, साखळीने जोडलेल्या. कोळप्याने वरचं पातं कापलं की तो पुन्हा फुटतो. रोटर मारला की गाठी सुट्या होऊन वावरभर पसरतात, आणि एका कोपऱ्यातला लव्हाळा पुढच्या वर्षी सगळीकडे. तुमच्या पेरूच्या आळ्यांत तो दिसतोय असं तुम्ही लिहिलंय, तिथे कुठलंही फिरतं पातं नेऊ नका. वाफशावर चार दातांच्या फोर्कने माती उचलून गाठींसकट उपसा, कडक उन्हात वाळवा, शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका. उन्हाळी नांगरटीने वर आलेल्या गाठीही उन्हात बऱ्याच मरतात, ढेकळं तापू द्या म्हणालो त्याचं हे आणखी एक कारण. आणि भाड्याचा रोटा तुमच्या बांधावर आला की आधी पाती बघा. आदल्या वावरातली हराळी त्यांना गुंडाळलेली असते. ती तिथेच काढायला लावा, संकोच करू नका. पेरूची मुळं वर असतात, म्हणून खोडापासून दोन फूट तरी औजार लांबच. तिथलं साधं गवत ब्रश कटरने कापून आच्छादन म्हणून पसरून द्या.

एवढं करूनही टोमॅटोच्या सऱ्या आणि मका आवरत नसेल, तर पुढच्या वर्षी पॉवर वीडरचा विचार करा. त्याआधी एक हंगाम भाड्याने चालवून बघा. डेमो दुकानामागच्या मऊ मातीत बघू नका, स्वतःच्या वावरात, स्वतः चालवून बघा, ताई, म्हणजे तुम्ही, दुकानाचा पोरगा नव्हे. सरीत जाताना पात्यांच्या दोन्ही बाजूंना वीतभर तरी मोकळं हवं. बाहेरची पाती काढून रुंदी कमी करता येते. ठिबकच्या लॅटरल (पिकाच्या ओळीतल्या नळ्या) आधी बेडवर उचलून घ्या. एकदा रोटरला गुंडाळली की लॅटरल तर जातेच, वर कापत बसायला अर्धा तास. सुटी पाती, क्लच वायर, एअर फिल्टर नाशिकला किंवा पिंपळगावला लगेच मिळतात का, हे पैसे देण्याआधी विचारा.

सुरक्षेचं एकच पण कडक सांगतो. अपघात होतात ते रिव्हर्स गिअरमध्ये. मशीन मागे येतं आणि पाती तुमच्या पायांकडे. मागे बांध, झाड किंवा भिंत असेल तर रिव्हर्स टाकायचाच नाही. गुंडाळलेलं गवत काढताना इंजिन बंद, नुसतं न्यूट्रल नाही. पायात बूट, चप्पल नाही; ओढणी-पदर घट्ट खोचलेला.

इंजिन बिघडतं ते बहुतेक पडून राहिल्याने. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, ते ओल धरतं आणि कार्बोरेटर चिकटतो. दोन आठवड्यांहून जास्त थांबणार असाल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. फोर-स्ट्रोक इंजिनाचं पहिलं ऑइल साधारण 20 तासांनी बदलायचं, पुढे 100 तासांनी, आणि आपल्याकडच्या धुळीत त्याच्याही आधी. फिल्टर दर वेळी झाडा.

अनुदानासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करता येतो. सर्वसाधारण गटाला 40 टक्के, तर लहान-सीमांत शेतकरी, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 50 टक्क्यांपर्यंत, तेही ठरवून दिलेल्या कमाल रकमेत. सातबारा तुमच्या नावावर असेल तर अर्ज तुमच्याच नावाने करा. पूर्वसंमती येण्याआधी बिल केलं तर अनुदान गेलं. ‘आधी घ्या, कागद नंतर बघू’ असं म्हणणाऱ्या दुकानातून उठा.

राहिली बंगल्यामागची बाग. तिथे मशीन नकोच. नव्या वसाहतींत बांधकामाचा राडारोडा आणि मुरूम पसरून वर वीतभर लाल माती टाकलेली असते, रोटर विटेच्या तुकड्यावर आपटून पातं मोडेल. एकदा टिकावाने हातभर खोदून दगड-विटा वेचून काढा, शेणखत मिसळा. नंतर चार दातांचा फोर्क, एक खुरपं आणि हलकं दाताळं पुरतं. खुरपं लोहाराकडचंच घ्या, मुठीत धरून बघून. चकचकीत रंगवलेलं घेऊ नका. तुमच्या फावड्याचा दांडा हलतोय म्हणून रात्री पाण्यात घालून ठेवता असं लिहिलंय, तसं करू नका. लाकूड फुगून दोन दिवस घट्ट वाटतं, मग वाळताना आकसून आधीपेक्षा सैल होतं. दांडा काढा, टोक कोरडं करा, पुन्हा ठोकून बसवा आणि बाभळीची पाचर मारा.